फाट्यावर थांबलेला ठिपका

१

"मशीन खोटं बोलत न्हाई, आबा."

करणनं लॅपटॉप माझ्या बापाच्या तोंडासमोर धरला. संध्याकाळची नोंद त्यानं मागं नेऊन दाखवली. नकाशावर एक हिरवा ठिपका आमच्या गावच्या फाट्यावर थांबलेला होता. ठिपक्याशेजारी लिहिलं होतं, बस चौदा. याच बसनं माझी धाकटी बहीण ज्ञानेश्वरी एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीतून रोज घरी येते. आज बस आली, बहीण आली नाही. दिवे लागले तरी तिचा फोन बंद. म्हणून आम्ही बापलेक बसमालक काकासाहेबांच्या ऑफिसात उभे होतो. बसा म्हणायची कुणाला गरज वाटली नव्हती.

करण हा काकासाहेबांचा पुतण्या. सगळ्या बसगाड्या कुठं पळतात, कुठं थांबतात, यावर स्क्रीनवरून नजर ठेवायचं काम त्याचं.

"हे बघा. चौदा नंबर फाट्यावर आली, चहा पिण्याइतका वेळ थांबली, अन् निघाली ती थेट हितं गॅरेजला. रस्ता सोडून कुठं गेलीच न्हाई. म्हंजे तुमची मुलगी फाट्यावर उतरली. पुढं ती कुठं गेली, ते तुमी बघायचं."

"आणि लाल बटन?" मी विचारलं.

बसमध्ये सीटांच्या बाजूला लाल बटनं असतात. संकट आलं की दाबायचं. ऑफिसला कळतं आणि वरच्या सरकारी कंट्रोल रूमलाही कळतं. हे बटन आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारी काळी डबी नसेल, तर गाडी पास होत नाही. कायदाच आहे तसा.

"चौदा नंबरचं बटन आज कुणी दाबलेलं न्हाई," करण म्हणाला.

"आपले सगळे कागद क्लिअर आहेत," खुर्चीतून काकासाहेब बोलले. पांढरे कपडे, कडक इस्त्री. "उगंच आमच्या गाड्यांचं नाव घेऊ नका."

चौदा नंबरचा ड्रायव्हर भागवत दारात उभा होता. पन्नाशीचा माणूस, कपाळाला अष्टगंध, पोरींना 'बाळा' म्हणून हाक मारणारा. पोरगी फाट्यावर उतरली, असं त्यानं आम्हाला आल्याआल्या सांगितलं होतं. आता तो त्या ठिपक्याकडं बघत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग त्यानं डोळे मिटले आणि वर बघून हात जोडले. मला वाटलं, पोरीसाठी जोडतोय.

घरी येताना आबा रस्ताभर एकच बोलले. "मशीनचं काय वैर हाय का तिच्याशी?"

मला भीती कसली वाटत होती ते सांगते. ती मेली असेल, याची तर होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की ती जिवंत असेल, कुठंतरी ओरडत असेल, आणि आम्ही सगळे त्या हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवून घरी जाऊन जेवत असू.

२

सकाळी आबांच्या मोबाईलवर ज्ञानीच्या नंबरवरून मेसेज आला.

'मी माझ्या मर्जीने गेले आहे. शोधू नका. आज माझे लग्न आहे.'

आबांनी मोबाईल पालथा ठेवला आणि आईला म्हणाले, "तिचं ताट घेऊ नको हितनं पुढं."

माझं सासर गावातच. नवऱ्याला सांगितलं, पोरं सांभाळ, आणि एकटीच पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं मेसेज वाचला आणि हसला.

"सज्ञान हाय ना पोरगी? मग? आठ दिवसांनी जावयाला घेऊन येईल बघा. पेढे आणा आमाला."

"पेढे कशाचे मागताय?" मागून आवाज आला. "बाई रडतेय आणि तुम्हाला गोड सुचतंय?"

या फौजदार आरती सानप. पाथर्डीकडच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र शेताच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, मेसेज वाचला.

"नंबर तिचाच आहे. मग तुला शंका कसली?"

"म्याडम, ज्ञानी लिहून पाठवतच न्हाई. दिवसभर गोळ्यांची पाकिटं भरून तिची बोटं आखडतात. ती बोलून पाठवते."

मी माझ्या मोबाईलवरचे तिचे आवाज ऐकवले. ज्योते, भाजी ठिव मला. ज्योते, आईचा गुडघा कसा हाय. ज्योते, बसमधी लई गरम होतंय, मेले. सानपबाईंनी सगळे ऐकले, घाई केली नाही. मग उठल्या आणि टोपी घातली.

"हे दुसऱ्यानं लिहिलंय. आणि लिहिणाऱ्याला वाटतंय की लग्न आजच लागणार. म्हणजे आपल्याकडं आजचाच दिवस आहे. एकदा अक्षता पडल्या, की गावही तिचं ऐकणार नाही आणि तुझा बापही ऐकणार नाही. खरं की नाही?"

मी मान हलवली. माझ्या बापाला त्या न बघता ओळखत होत्या.

"पण म्याडम, जीपीएसवर गाडी—" हवालदार मधे पडला.

"जीपीएसनं पोरगी बघितली का? जीपीएसनं गाडी बघितली."

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कुणाशी भांडण? मी सांगितलं, करणशी. मागच्या उन्हाळ्यात ज्ञानीनं लाल बटन चालतं का ते बघायला दाबलं होतं. कुणी फोनसुद्धा केला नाही, म्हणून तिनं कंपनीत तक्रार केली. तेव्हापासून करण तिला 'बटनवाली' म्हणायचा. कुणी मागं लागलं होतं? राम. नऊ नंबर बसचा तरणा ड्रायव्हर. त्याची बस त्याच रस्त्यानं येते, अलीकडच्या गावांची माणसं उतरवून फाट्यावरून गॅरेजला जाते. ज्ञानी दिसली की गाण्याचा आवाज वाढवायचा. लग्नाचं काही? एक स्थळ आलं होतं, पार्थ नावाचा पोरगा. घरची शेती, विधवा आई, बनुबाई. पस्तिशीला आला तरी पोरगी मिळत नाही. ज्ञानीनं तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं.

"कुठलं गाव?"

"कालव्याच्या चारीवर राहतात म्हणले. मधल्या माणसानं आणलं हुतं. आमी काय घर बघाय गेलो न्हाई."

फाट्यावर झुंबरबाईचं चहाचं पत्र्याचं दुकान आहे. सानपबाईंनी तिला फक्त एवढंच विचारलं, की काल संध्याकाळी चौदा नंबर थांबली तेव्हा कोण उतरलं.

"थांबली? कोन म्हनतं थांबली?" म्हातारीनं गाळणं आपटलं. "थांबली ती रामची गाडी. मुडदा चहा पिला, क्रीमरोल खाल्ला. भागवतची गाडी मागनं आली, लई उशिरा, दिवस बुडताना. काचा लावलेल्या. भर्रकन गेली. रोज मला हात जोडतो, काल हिकडं बघितलं बी न्हाई."

हवालदार माझ्या कानाशी आला. "मोतीबिंदू हाय म्हातारीला."

"मोतीबिंदू डोळ्याला हाय, डोक्याला न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "अन् कान तर तुझ्यापरीस बरं हायेत, मेल्या."

एक तर ही म्हातारी खोटं बोलत होती, नाहीतर सरकारनं पास केलेलं मशीन. आणि मशीनच्या बाजूनं अख्खा तालुका उभा होता.

३

गॅरेजात सानपबाईंनी तिघांना एकेक करून समोर घेतलं. मी कोपऱ्यात बसले होते.

आधी राम आला.

"म्याडम, मी फाट्यावर थांबलोच न्हाई. मालकाला थांबलेलं चालत न्हाई."

"क्रीमरोल कसा होता?"

रामचं तोंड पडलं. "त्या म्हातारीनं सांगितलं व्हय?... थांबल्तो. रोज थांबतो. माझ्या गाडीचं जीपीएस दसऱ्यापासनं बंद हाय. कुनाला दिसत न्हाई, म्हनून जरा पाय मोकळं करतो. पर ज्ञानेश्वरी मला दिसली न्हाई, आईशप्पथ! मी तिची वाट बघत हुतो फाट्यावर. चौदा नंबर आलीच न्हाई, म्हनून निघालो."

"वाट कशाला बघत होतास?"

"बघायला," राम म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "निस्तं बघायला. पाप हाय का?"

"गाण्याचा आवाज वाढवणं पाप आहे. पोरींना धडकी भरते. बाहेर बस."

मग करण. नऊ नंबरचं जीपीएस बंद आहे हे त्यानं कबूल केलं. रेंजची भानगड असेल, डबीच्या कंपनीला मेल टाकलाय, ते लोक येतच नाहीत. ज्ञानीच्या तक्रारीचं विचारलं तर भडकला. "खेळनं हाय का ते? उगं दाबून बघितलं तिनं. असल्या शंभर बाया बटनं दाबाय लागल्या तर आमी धंदा करायचा का त्यांच्या मागं पळायचं?"

"पळायचंच काम आहे तुझं," मी बोलले. राहवलं नाही. सानपबाईंनी मला गप्प केलं नाही.

शेवटी भागवत आला. सावकाश बसला.

"लेकीसारखी पोरगी, म्याडम. शेवटाला ती एकटीच ऱ्हाती गाडीत. फाट्यावर उतरली, 'येते काका' म्हनली. एवढंच बघा."

"झुंबरबाईला हात जोडलेत काल?"

"जोडले की. रोजच जोडतो."

"ती म्हणते गाडी थांबली नाही."

भागवत दुःखानं हसला. काल रात्री दारात उभा असलेला घाबरा माणूस कुठं गेला होता कोण जाणे. आज त्याच्या आवाजाला टेकू मिळाला होता.

"आता म्हातारं मानूस, काय बोलायचं. तुमी मशीन बघा, म्याडम. मशीनच माझं साक्षीदार हाय. देवानंच ठिवलं म्हना."

तो बाहेर गेला. सानपबाई पेन दातात धरून बसल्या.

"ज्योती, तू म्हणालीस काल यानं ठिपका बघून हात जोडले. कसे जोडले? दाखव."

मी दाखवलं. उघडं तोंड, मग डोळे मिटून, वर बघून.

"असे कोण जोडतं? ज्याला फाशीच्या दोराखालून ओढून काढलंय तो जोडतो. गाडी फाट्यावर खरंच थांबली असती, तर मशीननं तेच दाखवल्याचं याला एवढं नवल कशाला वाटलं असतं?"

तिला रोज गावच्या फाट्यापर्यंत आणणारा माणूस. आई त्याला दिवाळीचा फराळ पाठवायची.

"पण म्याडम," मी म्हणाले, "तो खोटं बोलतोय तर मशीन का खोटं बोलतंय? मशीन काय त्याचं मेव्हणं हाय?"

"तेच बघू. चल, ती डबी मला डोळ्यांनी बघायची आहे."

४

चौदा नंबर बस गॅरेजच्या मागं उभी होती. ज्ञानीच्या सीटवर मी हात ठेवला. खिडकीची काच घट्ट लावलेली. शेजारी लाल बटन. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं झाकण तुटलेलं होतं. ताजं तुटलेलं, कडा पांढऱ्या. मी सानपबाईंना हातानंच खूण केली.

त्यांनी झाकण बघितलं. त्यांनी तोंड फिरवून घेतलं तेव्हा मला कळलं की त्यांनाही भीती वाटतेय.

ड्रायव्हरच्या पुढ्यातला पत्रा हवालदारानं उघडला. आत काळी डबी वायरींना लटकत होती. डबीवर हळद आणि कुंकू थापलेलं, वाळून पोपडे धरलेलं. त्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

"हे काय?"

"आमीच वाहिलंय की!" मागून आवाज आला. काकासाहेबांची आई, आक्काबाई, नातवासाठी, म्हणजे करणसाठी, डबा घेऊन आल्या होत्या. चेहऱ्यावर कौतुक. "दसऱ्याला गाड्या धुतो न्हवं? पान्याचा फवारा लई जोराचा असतो. ह्या डब्या भिजतात, अन् भिजल्या की सायेब गाडी पास करत न्हाई. मग समद्या डब्या काढल्या, पाटावर मांडल्या, आन् शस्त्रांसंगट पूजा केली. गाडीचा डोळा हाय तो. डोळ्याची पूजा नको का कराय?"

"करायलाच पाहिजे, आज्जी. आणि परत कुणी बसवल्या?"

"करणनं. आन् गॅरेजच्या पोरांनी."

सानपबाई करणकडं वळल्या. "कुठली डबी कुठल्या गाडीत, ते कसं ओळखलंस?"

करण हसला. खरंच हसला. "ओळखायचं काय, म्याडम? समद्या सारख्याच हायेत की. एकाच कंपनीच्या."

दूर कुणीतरी टायर ठोकत होतं, तेवढाच आवाज.

सानपबाईंनी रुमाल ओला केला आणि डबीवरची हळद पुसली. खालून नंबर निघाला. मग काकासाहेबांकडून त्या बसचा पासिंगचा कागद मागवला. त्यावर चौदा नंबर बसमध्ये बसवलेल्या डबीचा नंबर होता. दोन्ही जुळत नव्हते. त्यांनी दुसऱ्या गाड्यांचे कागद मागितले आणि एकेक पुढं सरकवत गेल्या.

"ही डबी तीन नंबर बसची आहे," त्या म्हणाल्या. "कुठं आहे तीन नंबर?"

करणनं बोट केलं. तीन नंबर बस शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. इंजिन काढलेलं, बॅटरी काढलेली. दसऱ्याच्या आधीपासून ती जागची हललेली नव्हती.

५

ऑफिसात चहा आला. सानपबाईंनी कप उचलले आणि टेबलावर गाड्यांसारखे ओळीनं मांडले.

"काकासाहेब, नीट बघा. हवालदार गाड्या उघडून आलेत, आता काही झाकायचं राहिलेलं नाही. तीन नंबरची डबी बसवलीत चौदाव्या गाडीत. चौदाची डबी बसवलीत नवव्या गाडीत, म्हणजे रामच्या. आणि नवव्याची डबी गेली या इंजिन नसलेल्या गाडीत. तिथं बॅटरीच नाही, म्हणून ती डबी मेली. राम समजतोय आपली डबी बंद आहे, आपण कुणाला दिसत नाही. पण तो दिसतोय. चौदा नंबर म्हणून दिसतोय. काल फाट्यावर चहा पीत थांबलेला ठिपका रामचा होता."

"म्हंजे झुंबरबाई..." मी म्हणाले.

"झुंबरबाईनं जे बघितलं तेच सांगितलं. मशीननंही जे बघितलं तेच सांगितलं. मधे तुम्ही लोकांनी डोळे बदलले. आणि भागवतला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं साधी थाप मारली होती, मशीन समोर आलं की उघडी पडेल म्हणून घामाघूम उभा होता. मशीननं त्याचीच थाप खरी करून दाखवली. देव पावला त्याला."

काकासाहेब उभे राहिले. "म्याडम, चूक झाली, मान्य. पण आमची प्रत्येक गाडी पास आहे. प्रत्येक गाडीत डबी आहे. नियम आम्ही मोडलेला नाही. बाहेर बोभाटा केलात तर—"

"प्रत्येक गाडीत डबी आहे. कुठल्या गाडीत कुणाची आहे, हे बघायची तुम्ही तसदी घेतली नाही. बसा खाली."

ते बसले.

"आता करण. काल संध्याकाळी एखाद्या बटनाचा अलार्म आला होता का? चौदाचा नाही विचारत. कुठल्याही गाडीचा."

करण लॅपटॉप मिटायला लागला.

"बोल."

"आल्ता," तो म्हणाला. "तीन नंबरचा."

"मग?"

"म्याडम, तीन नंबरला इंजिनच न्हाई! दसऱ्यापासनं ती डबी येड्यावानी करती. गाडी हितं ठोकळ्यावर, अन् नकाशावर गावभर पळती. मला वाटलं बिघडली. म्हनून मी तिला स्क्रीनवरनं लपवूनच टाकली. काल अलार्म वाजला, मी बंद केला. परत वाजला. परत बंद केला. लई वेळा वाजला. मग वरनं कंट्रोल रूमचा फोन आला, की तुमच्या तीन नंबरमधी कुनीतरी बटन दाबतंय, काय झालंय. मी सांगितलं, गाडी माझ्या डोळ्यांम्होरं गॅरेजात उभी हाय, आत कुनी न्हाई. खोटा अलार्म हाय."

तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. माझ्या बहिणीनं बटन दाबलं होतं. मशीन चाललं होतं. वायर चालली होती, वरच्या माणसानं फोनसुद्धा केला होता. आणि या खुर्चीत बसून, पंख्याखाली, एका माणसानं तिचं ओरडणं पुन्हा पुन्हा बंद केलं होतं.

"उघड तो ठिपका," सानपबाई म्हणाल्या.

करणनं लपवलेला तीन नंबर परत स्क्रीनवर आणला. कालची रेघ उमटली. एमआयडीसीपासून सरळ, मग फाट्याच्या अलीकडं रस्ता सोडून कुकडी कालव्याच्या चारीच्या कडेनं आत, उसात. रेघ एका जागी थांबली होती. अलार्मच्या लाल खुणा त्या वळणापासून तिथपर्यंत सांडल्या होत्या. मग रेघ परत रस्त्याला येऊन फाट्यावरून न थांबता गेली होती.

"काय आहे या जागी?"

काकासाहेबांनी चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "जुनं गुऱ्हाळ हाय. बंद पडलंय. भागवतच्या बहिनीचं."

"नाव?"

"बनुबाई."

पार्थची आई. ज्या पोराला ज्ञानीनं तोंडावर नाही म्हटलं होतं, त्या पोराचा मामा रोज तिची बस चालवत होता. त्यानं कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वर्षभर आरशात बघत गाडी चालवली असेल.

बाहेर बाकावर भागवत बसला होता. सानपबाईंनी त्याच्या खिशातून मोबाईल काढून घेतला आणि त्याच वेळी तो वाजला. स्क्रीनवर नाव आलं, बनुताई.

"उचलू द्या की," भागवत म्हणाला. आवाजातला टेकू निसटला होता. "न्हाई उचलला तर त्या लोकांना वाटंल काय झालं... ते घाई करतील, म्याडम."

भागवतला एका शिपायाच्या ताब्यात देऊन सानपबाई जीपकडं पळत सुटल्या होत्या. मी त्यांच्या मागं.

६

चारीचा रस्ता म्हणजे मातीचा भराव. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. जीप गेली की पानं काचेला घासत होती. ऊन होतं, दुपार होती, तरी आत अंधारल्यासारखं वाटत होतं. वन खात्याची पाटी दिसली, बिबट्यापासून सावध. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, बाई, एकट्या खाली उतरू नका, या पट्ट्यात परवा कालवड ओढून नेली. मी मनात म्हटलं, बिबट्या निदान अष्टगंध लावून येत नाही.

गुऱ्हाळाचं धुराडं दिसलं. पत्र्याची शेड, बाहेर एक चारचाकी, चार पुरुष, आणि पाट-चौरंग मांडून बसलेला एक भटजी. आम्हाला बघून भटजी आधी उठला आणि उसात शिरला. चौघांतल्या एकानं सानपबाईंचा रस्ता अडवला, बाई काय पायजे, घरचं कार्य हाय. हवालदारानं त्याच्या छातीवर हात ठेवला. पेढे मागणारा हाच हवालदार, पण आता तो हसत नव्हता.

बनुबाई पदर खोचून पुढं आली. साधी बाई. माझ्या आईसारखी. ते बघून मला जास्त भीती वाटली.

"आमी काय मारलं का तिला? इचारा तिला. बोट लावलं न्हाई कुनी. पुरनपोळी केली तिच्यासाटी, खात न्हाई. लगीन झाल्यावर खाईल. आमाला बी कुनी इचारून दिलं हुतं का, बाई? नांदलोच की."

कपाळाला मुंडावळ्या बांधून पार्थ गुळाच्या भट्टीच्या, चुलाणाच्या कट्ट्यावर बसला होता. रडत होता. "मामा म्हनला ती तयार हाय. निस्ती लाजती म्हनला."

"तयार आहे तर कुलूप कशाला?" सानपबाई म्हणाल्या. "किल्ली दे."

किल्ली बनुबाईच्या कमरेला होती. गुळाच्या ढेपा ठेवायच्या खोलीचं कुलूप उघडलं. आत जुन्या काकवीचा आंबट वास, भिंतीला मुंगळ्यांची रांग. आधी मला कुणी दिसलंच नाही. मग कोपऱ्यातल्या पोत्यांमागं हिरवी साडी दिसली. अंगावर गुंडाळलेली, नेसलेली नव्हती. आत तिचा कंपनीचा निळा ड्रेस तसाच होता. एका हातात हिरवा चुडा, दुसऱ्या हातावर फुटलेल्या काचांचे ओरखडे.

"ज्ञाने," मी म्हणाले.

ती पुढं आली नाही. भिंतीला पाठ लावूनच उभी राहिली, आणि आधी माझ्या मागं दारात कोण कोण आहे ते बघितलं. मग सानपबाईंची वर्दी बघितली. मग मी पुढं होऊन तिला धरलं. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

भागवतच्या माणसांना हवालदारानं एका बाजूला बसवलं. जीपशी आल्यावर मी तिला पाणी पाजलं. ती एकेक घोट गिळत होती आणि डोळे उसावरून हलवत नव्हती. पान हललं की दचकत होती.

"मी बटन दाबलं," ती म्हणाली. घसा पार बसलेला होता. "त्यानं गाडी आत वळवली तेव्हाच दाबलं. दाबतच हुते. झाकन तुटलं. कुनीच कसं आलं न्हाई, ज्योते?"

मी तिच्या हातातला चुडा सोडवत बसले.

"आबा आले का?"

"न्हाई."

"काय म्हनले आबा?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं. पण गेल्या दिवसभरात तिच्याबद्दल खूप लोक खोटं बोलले होते, त्यात अजून माझी भर नको. "आबा म्हनले, तू फाट्यावर उतरलीस अन् गेलीस. मशीनवर दिसलं म्हनून."

सानपबाई म्हणाल्या, आधी दवाखान्यात जाऊ, मग घरी सोडते, जबाब उद्या घेऊ, तू दमलीयस.

"घरी नको," ज्ञानी म्हणाली. "आत्ता लिहा. हितंच लिहा. घरी गेले तर उद्या मला कुनी बोलू देनार न्हाई. आबा म्हनतील झालं गेलं मिटवा, ते मालक येतील, हे लोक येतील, गावची चार मानसं येतील. मला गप करतील."

सानपबाईंनी तिच्याकडं बघितलं. वाद घातला नाही. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. बॉनेट तापलेलं होतं म्हणून खाली वहीचा पुठ्ठा घातला. हवालदारानं न सांगता पेन पुढं केलं.

"सांग."

ज्ञानी उभी राहिली. माझा हात तिनं सोडला.

"पहिलं हे लिहा," ती म्हणाली. "मी फाट्यावर उतरले न्हाई."